कार्बोरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी

‘गाडी सकाळी सुरू होते, पण चाकणला तळेगाव चौकातल्या कोंडीत बंद पडते. मिक्श्चरचा स्क्रू किती आटे सोडू?’ जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक याच वळणाचे असतात. गाडी कधी 1089 सीसीची प्रीमियर पद्मिनी असते, कधी निसानचं 1171 सीसीचं इंजिन असलेली 118 एनई, तर कधी इंजेक्शन येण्याआधीची, 796 सीसीची मारुती 800. प्रश्न मात्र एकच, आणि त्यात दोन गृहीतकं दडलेली असतात: गाडी नीट चालत नाही, म्हणजे बिघाड कार्बोरेटरमध्ये आहे आणि बिघाड कार्बोरेटरमध्ये आहे, म्हणजे उपाय त्या स्प्रिंगवाल्या छोट्या पितळी स्क्रूत आहे. ही दोन्ही गृहीतकं बहुतेक वेळा चुकतात. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा असतो, आणि तोही कानावर विसंबून नाही, मोजून. गेल्या काही वर्षांत पेट्रोलच बदलल्यामुळे ही गोष्ट आता जास्त महत्त्वाची झाली आहे.

पेट्रोल बदललं, जेट तेच राहिले

एप्रिल 2023 पासून टप्प्याटप्प्यानं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि 2025 पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर असतो. तो धुरातला ऑक्सिजन पाहून पेट्रोल कमीजास्त करवतो. कार्बोरेटरला अशी नजर नसते. त्याच्या जेटचं भोक ठरलेलं असतं आणि त्यातून येईल ते इंजिनानं घ्यायचं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त 9 किलो लागते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा 13.5 च्या आसपास येतो. म्हणजे तोच जेट, तीच हवा, पण इंजिनाच्या गरजेच्या मानानं इंधन सुमारे 8 टक्क्यांनी कमी पडतं. मेकॅनिकच्या भाषेत गाडी आपोआप ‘लीन’ झाली, आणि हे व्हायला कुणी स्क्रूला हातही लावला नाही.

यावर कुणी म्हणेल, मग आमच्या गाड्या बंद का पडल्या नाहीत? याचं एक उत्तर आपल्या भूगोलात आहे. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि कार्बोरेटरमधलं मिश्रण थोडं ‘रिच’, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं होतं. आपल्या उंचीला हा फरक अडीच ते तीन टक्क्यांचा पडतो, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर सहाच्या घरात जातो. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात समुद्रकाठी तयार झालेली पद्मिनी आपल्याकडे पूर्वीपासून किंचित रिच चालत होती. इथेनॉलनं ओढून नेलेल्या आठ टक्क्यांतले अडीच-तीन टक्के आपल्या उंचीनं परत दिले. उरलेले पाच टक्के धडधाकट इंजिन निभावून नेतं. म्हणूनच निगडी-भोसरीत ठीक चालणारी गाडी अलिबागला उतरली की गॅस पेडल दाबताच घुटमळते, कारण तिथे उंचीची सवलत नाही. तुमची तक्रार फक्त कोकणात उद्भवत असेल, तर कार्बोरेटर खोलण्याआधी हे लक्षात घ्या.

दुसरी तक्रार अ‍ॅव्हरेजची असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं होतं की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज वीस टक्क्यांवर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल. जी ऊर्जा इंधनात नाही, ती कुठल्याही स्क्रूनं परत मिळत नाही. अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणून स्क्रू आवळणारा मेकॅनिक आधीच लीन झालेल्या गाडीला आणखी लीन करतो.

स्क्रू नेमकं काय करतो

सोलेक्स धाटणीच्या कार्बोरेटरमध्ये मिक्श्चर स्क्रूचा अंमल गाडी उभी असताना आणि पेडल अगदी थोडं दाबलेलं असताना असतो. पुणे-नाशिक महामार्गावर साठच्या वेगानं जाताना पेट्रोल मेन जेटमधून येतं. घाटात ओढ कमी पडते म्हणून मिक्श्चर स्क्रू फिरवणं म्हणजे स्वयंपाकघराचा नळ गळतो म्हणून बाथरूमचा वॉशर बदलणं. चढावर गाडी झटके मारते, पण सिग्नलला नीट उभी राहते? मग स्क्रूकडे पाहू नका, इग्निशन, पेट्रोलचा पुरवठा आणि मेन जेट पाहा. उलट, सिग्नलला थरथरून बंद पडते, पण रस्त्यावर छान पळते? मग शंका आयडलच्या वाटेवर किंवा एअर घेण्यावर, म्हणजे फटीतून बाहेरची हवा आत शिरण्यावर, घ्या.

दिशेचा घोळ तर नेहमीचा आहे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला, म्हणजे थ्रॉटलच्या पाकळीनंतर असेल, तर तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो आणि आत आवळला की मिश्रण लीन होतं. पद्मिनीच्या सोलेक्सवर तो असाच तळाला असतो. स्कूटर-मोटरसायकलींच्या बऱ्याच कार्बोरेटरवर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो. तो फक्त हवा सोडतो, म्हणून आवळला की मिश्रण रिच होतं. आकुर्डीच्या परिसरात स्कूटरवर हात बसलेले मेकॅनिक पुष्कळ आहेत. त्यांचं कसब वादातीत आहे, पण कार्बोरेटर कारचा असेल तर स्क्रू कुठल्या बाजूला आहे, हे एकदा सोबत उभं राहून बघा.

स्क्रूआधीची कामं

खालचा क्रम मोडू नका. यातलं कुठलंही काम चुकलेलं असताना मिक्श्चर लावलं, तर चूक झाकली जाते, दुरुस्त होत नाही.

- टॅपेट: गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं, फिलर गेज घालून. आवळलेले व्हॉल्व्ह नेमकं लीन मिश्रणासारखं लक्षण दाखवतात.
- प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग. पॉइंटवर खड्डा-उंचवटा पडला असेल तर गॅप मोजून उपयोग नाही, तो बदला.
- एअर फिल्टर. चाकण-तळेगाव पट्ट्यातली धूळ लक्षात घेता पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच तो चोंदतो.
- पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, फिल्टर, फ्लोटची पातळी आणि निडल.
- मॅनिफोल्डच्या आणि कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून कुठे एअर घेते का.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण जुन्या गाड्यांचा खरा चोर इथे लपलेला असतो. इंजिन गरम करून स्लोवर, म्हणजे आयडलवर, सोडा. ब्रशनं थोडं इंजिन ऑइल कार्बोरेटरच्या तळाच्या पॅकिंगभोवती आणि मॅनिफोल्डच्या जोडावर लावत जा. एखाद्या ठिकाणी ऑइल लावताच इंजिनाचा आवाज बदलला, स्थिर झाला किंवा वाढला, तर तिथून बाहेरची हवा आत जाते आहे. स्प्रेचा डबा गरम इंजिनावर मारण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे. मग इंजिन बंद करून थ्रॉटलची दांडी बोटांत धरून वरखाली हलवा. लाखभर किलोमीटर झालेल्या कार्बोरेटरमध्ये ती दांडी तिच्या भोकात सैल झालेली असते आणि त्या फटीतून हवा शिरते. अशा कार्बोरेटरला कुठलंही सेटिंग टिकत नाही: सकाळी लावलेलं संध्याकाळी बिघडतं. उपाय म्हणजे भोक मोठं करून त्यात पितळी बुश बसवणं. हे काम भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही चांगल्या टर्निंग शॉपमध्ये होऊ शकतं, आणि या बाबतीत आपण देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा नशीबवान आहोत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर गेल्या. त्यांच्यासोबत सुट्या भागांची घाऊक मागणीही गेली. आता नवा कार्बोरेटर शोधण्यापेक्षा जुना नीट करून घेणं शहाणपणाचं.

प्रत्यक्ष सेटिंग

इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर जागेवर, दिवे-पंखा बंद. फिल्टर काढून सेटिंग करणारे बरेच आहेत. फिल्टर परत बसवताच मिश्रण बदलतं, हे विसरलं जातं. जागा उघडी हवी. बंद पार्किंगमध्ये हे काम करू नका, कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

आधी स्क्रू हळूच आत बसवा आणि तो किती आट्यांवर होता ते मोजून लिहून ठेवा. ‘हळूच’ हा शब्द शब्दशः घ्या. जोरात आवळला की स्क्रूच्या सुईसारख्या टोकावर चर पडते आणि त्या दिवसापासून तो अचूक लागत नाही. मग साधारण दीड आटा सोडून इंजिन सुरू करा. आता स्क्रू पाव-पाव आट्यानं सोडत जा. इंजिनाचा वेग वाढेल, मग स्थिरावेल. जिथे वाढ थांबते तिथे थांबा. थ्रॉटलच्या थांब्याच्या स्क्रूनं स्लो मॅन्युअलमधल्या आरपीएमवर आणा आणि पुन्हा मिक्श्चर तपासा. दोन-तीनदा हे केल्यावर शेवटी मिक्श्चर स्क्रू अगदी किंचित आत घ्या, इंजिनाचा वेग जेमतेम कमी झाल्याचं जाणवेल इतपत. स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला काहीच फरक पडत नसेल, तर आयडल जेट चोंदलेला आहे किंवा थ्रॉटल इतका उघडा ठेवलेला आहे की, आयडलची वाट वापरलीच जात नाही. तिथे आणखी स्क्रू सोडणं व्यर्थ आहे.

पीयूसीचं यंत्र हेच तुमचं मापयंत्र

‘चाळीस वर्षं कानानंच लावतो, यंत्र कशाला?’ असं ज्येष्ठ मेकॅनिक म्हणतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कान इंजिनाची लय अचूक ओळखतो. पण त्या कानाला सवय झाली ती जुन्या पेट्रोलवर. शिवाय कानाला गुळगुळीत वाटणारी स्लो बहुतेक वेळा किंचित रिच असते. सायलेन्सरमधून निघणारं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण मात्र इंधनात इथेनॉल किती आहे याची फारशी पर्वा न करता मिश्रण रिच की लीन, ते सांगतं. म्हणून जुन्या पुस्तकातल्या आट्यांपेक्षा आज हा आकडा जास्त भरवशाचा आहे. तो मिळवायला महागडं यंत्र घ्यावं लागत नाही, पीयूसी (प्रदूषण तपासणी) केंद्रावर तो मोजलाच जातो. फक्त प्रमाणपत्र खिशात घालून न निघता त्यावरचे आकडे वाचा, आणि केंद्रचालक तयार असेल तर नळी सायलेन्सरमध्ये असतानाच स्क्रू लावून घ्या.

भारत स्टेज-2 च्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) 3 टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन (एचसी) 1500 पीपीएमपर्यंत चालतं. भारत स्टेज-2 आणि त्यानंतरच्या गाड्यांना (नवे स्टेज-4, 6 वगळून) हीच मर्यादा 0.5 टक्के आणि 750 पीपीएम आहे. पद्मिनी आणि कार्बोरेटरवाली मारुती पहिल्या गटात येतात. केंद्रचालकानं तुमच्या गाडीची नोंद चुकीच्या गटात केली तर ठणठणीत गाडी नापास होईल. आरसीवरचं उत्पादनाचं वर्ष दाखवून ते दुरुस्त करून घ्या. तीन टक्क्यांची परवानगी आहे म्हणून तीनवर लावायचं नाही. दीड ते अडीचच्या दरम्यान इंजिन शांत चालत असेल तर तिथेच सोडा. आकडे जोडीनं वाचा:

- सीओ जास्त, एचसी जास्त: मिश्रण रिच. चोक अडकला आहे का, फ्लोटची पातळी आणि निडल पाहा.
- सीओ कमी, पण एचसी जास्त: मिसिंग, म्हणजे मधूनमधून मिश्रण पेटत नाही. एक तर मिश्रण फार लीन आहे, एअर घेते, किंवा ठिणगी कमजोर आहे. इथे स्क्रू सोडून आकडा बसवणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर बर्फात ठेवणं.
- दोन्ही कमी आणि इंजिन स्थिर: हात लावू नका.

रस्त्यावरच्या मिश्रणाचा पुरावा प्लग देतो. महामार्गावर दहा-बारा किलोमीटर एकसारखं चालवून, स्लोवर न रेंगाळता इंजिन बंद करा आणि प्लग काढा. इन्सुलेटर फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर रिच, पांढरा खडूसारखा असेल तर लीन. सगळे प्लग पाहा. एकच पांढरा असेल तर दोष जेटचा नाही, त्या सिलिंडरजवळच्या पॅकिंगचा.

जेट बदलायचा का?

बहुतेकांना नाही. वर म्हटल्याप्रमाणे आपल्या उंचीवर निव्वळ तूट पाच टक्क्यांची आहे आणि एअर घेणं थांबवल्यावर ती क्वचितच जाणवते. सगळं दुरुस्त करूनही प्लग पांढरे राहत असतील, चढावर कार्बोरेटरमधून फटफट उलटा आवाज येत असेल, किंवा गाडी कोकणात-मुंबईत नियमित जात असेल, तर एक पायरी मोठा मेन जेट लावून पाहावा. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा जेट 125 चा असेल आणि 130 चा लावला, तर व्यास 4 टक्के वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ 8 टक्के वाढतं. इथेनॉलनं जेवढं नेलं, जवळपास तेवढंच. त्याहून मोठी उडी मारायचं कारण नाही.

‘रिच असलेली बरी, निदान इंजिन जळत नाही’ हा समज अर्धवट खरा आहे. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि ऑइलपॅनमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला की समजा, रिंगा झिजायला सुरुवात झाली.

जेटचं भोक सुईनं किंवा तारेनं मोठं करून देणारे अजूनही आहेत. ते करू देऊ नका. भोक लंबगोल झालं की आकड्याला अर्थ राहत नाही. जेट साफ करायला हवेचा दाब आणि क्लीनर पुरतो. जुना जेट झिजला आहे का, हे पाहण्याची सोय मात्र आपल्या पट्ट्यात घरोघरी आहे: कुणाच्या तरी घरात क्वालिटी विभागात काम करणारं माणूस असतंच. त्याला पिन गेजनं भोक मोजून द्यायला सांगा. 125 चा जेट 1.28 ची पिन घेत असेल, तर तो बदलण्याचा निर्णय आपोआप झाला.

रबर, पाऊस आणि उन्हाळा

इथेनॉलचा दुसरा हल्ला जेटवर होत नाही, रबरावर होतो. जुन्या पेट्रोल नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कॉर्कची पॅकिंगं फुगतात, मऊ पडतात, मग तुटतात. त्याचे काळे कण जेटमध्ये अडकतात आणि लोक मिक्श्चर लावत बसतात. दरवर्षी पावसाळ्याआधी इंजिनाजवळच्या नळ्या बोटांनी दाबून पाहा, आणि बदलताना इथेनॉलसाठीच्या नळ्या, व्हिटॉनच्या टोकाची निडल मागा. गळती ही अ‍ॅव्हरेजची बाब नाही, आगीची आहे. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्यात अर्धी ठेवू नका. टाकीच्या तळाशी पाणी साचलं असेल तर ते काढा.

एप्रिल-मेमध्ये गाडी बंद केल्यावर अर्ध्या तासानं सुरू होत नाही, ही तक्रार व्हेपर लॉकची, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा अडण्याची, असते. गाडीच्या पंपावर ओलं फडकं टाकण्याचा बोरघाटातला जुना उपाय आजही चालतो. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांबून नेणं आणि कार्बोरेटरखालचा जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना, ते पाहणं. तोही बरेचदा ‘जास्तीचा’ म्हणून काढून टाकलेला सापडतो.

सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या मारुतींना एक वेगळी अडचण आहे. गाडी महिनाभर गॅसवरच पळते, कार्बोरेटर कोरडा पडतो, डायफ्रॅम ताठ होतो. आठवड्यातून एकदा पेट्रोलवर दहा किलोमीटर चालवा. किट आरसीवर नोंदलेलं नसेल तर आधी ते करून घ्या.

कागद आणि हक्क

स्टेज-4 च्या आधीच्या गाड्यांची पीयूसी सहा महिन्यांची असते. ती नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी मोशीच्या आरटीओत तपासणीला न्यावी लागते. त्याआधी मिक्श्चर मोजून घेतलं तर दुसरी फेरी वाचते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल, तर 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे: शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. रोज भाजी आणायला पद्मिनी नेत असाल तर हा पर्याय घेऊ नका.

इथेनॉलविरहित पेट्रोल पंपावर मिळावं, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. त्यामुळे तो हक्क सध्या नाही. मात्र पेट्रोलच्या शुद्धतेबद्दल शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची तपासणी आणि पाच लिटरच्या मापाची खात्री मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. गॅरेजकडून कामाचं लेखी बिल घ्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. बिल असेल तर सदोष कामाची तक्रार ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. बिल नसेल तर मुळात काम झालं होतं हे सिद्ध करण्यातच वेळ जातो.

सेटिंग समाधानकारक झालं की एका कागदावर तारीख, स्क्रूचे आटे, जेटचे नंबर, प्लगचा गॅप आणि पीयूसीचे दोन आकडे लिहा आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. काढलेला जुना जेटही त्याच पिशवीत ठेवा. पुढच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं की आधी तो कागद त्याला दाखवा.